अ‍ॅफिलिएट लिंका सांभाळायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

माझी साइट ट्रेकिंगच्या सामानाची आहे. बूट, सॅक, हेडटॉर्च, पोंचो. लेखातल्या लिंकवरून कुणी खरेदी केली की थोडं कमिशन मिळतं. अशीच साइट चालवणारे ओळखीचे लोक विचारतात, "लिंका क्लोक करायला (म्हणजे खरा पत्ता झाकायला) कुठलं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, घेऊ?" मी आधी उलट विचारतो, लिंका कुणाच्या आहेत?

अ‍ॅमेझॉनच्या असतील तर त्या झाकायच्याच नाहीत. क्लिक केल्यावर आपण अ‍ॅमेझॉनवर जाणार हे वाचकाला कळलं पाहिजे, असा त्यांच्या असोसिएट्स कार्यक्रमाचा नियम आहे. तो मोडला तर खातं बंद होऊ शकतं. साइटस्ट्राइप या त्यांच्याच लिंक बनवायच्या पट्टीतून मिळणारी त्यांची स्वतःची छोटी लिंक मात्र चालते. त्यामुळे अ‍ॅमेझॉनवर भर असेल तर प्लगइनमध्ये एक सोय पाहायची: लिंक नोंदवायची प्लगइनमध्ये, पण लेखात ती मूळ रूपातच दिसली पाहिजे. थर्स्टीअ‍ॅफिलिएट्स या प्लगइनमध्ये ही सोय आहे. बाकी होस्टिंग कंपन्या, ऑनलाइन कोर्स, क्यूलिंक्ससारखी नेटवर्क (अनेक दुकानांच्या लिंका एकत्र देणाऱ्या कंपन्या), यांचे नियम वेगवेगळे असतात. ते वाचा, कंटाळवाणे असले तरी.

खरं तर लिंक झाकण्यात मला फारसा रस नाही. वर्डप्रेसवर एकच सॅक दहा-बारा लेखांत येते. उद्या त्या कंपनीने नेटवर्क बदललं तर प्रत्येक लेख उघडून लिंक बदलत कोण बसणार? आपल्याच डोमेनवर 'गो' शब्द असलेला छोटा पत्ता करून ठेवला, आणि तो वाचकाला दुकानाच्या लिंककडे वळवत (रिडायरेक्ट करत) असला, की बदल एकाच जागी होतो. सॉफ्टवेअर घ्यायचं ते यासाठी.

मग निवडायचं कसं? फीचर्सची यादी बाजूला ठेवा आणि पाहा की हे सॉफ्टवेअर उद्या सोडायचं ठरलं तर काय होईल. प्रिटी लिंक्स असो वा थर्स्टीअ‍ॅफिलिएट्स, प्लगइन बंद केलं की सगळे छोटे पत्ते ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', दाखवतात. म्हणून लिंका बाहेर काढायची सोय आहे का, आणि ती फुकट आवृत्तीत आहे की पैसे भरल्यावर, हे विकत घेण्याआधी बघा. लहान साइटला मी सरळ रिडायरेक्शन नावाचं फुकट प्लगइन सुचवतो. ते अ‍ॅफिलिएटसाठी बनवलेलं नाही, दिसायला रुक्ष आहे. पण त्यातल्या नोंदी सीएसव्हीमध्ये (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) निघतात, अपाची आणि एनजिनएक्स या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या नियमांच्या रूपातही निघतात. म्हणजे प्लगइन काढून टाकलं तरी लिंका सर्व्हरवर चालू ठेवता येतात.

जीनियसलिंकसारख्या बाहेरच्या सशुल्क सेवेचं गणित वेगळं. वाचक ज्या देशात असेल तिथल्या दुकानावर ती त्याला पाठवते. तुमचे बरेच मराठी वाचक अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असतील तर विचार करण्यासारखी आहे. पण लिंका त्यांच्या डोमेनवर राहणार असतील, तर दुसऱ्याच्या जागेत घर बांधल्यासारखं आहे. स्वतःचं डोमेन जोडूनच वापरा.

प्लगइन बसवल्यावर पहिल्या दिवशीच पत्त्यातला मधला शब्द (वर सांगितलेल्या 'गो'सारखा) ठरवून टाका. थर्स्टीअ‍ॅफिलिएट्स आपणहून 'रेकमेंड्स' देतं, मला ते लांबलचक वाटतं. तुम्ही काहीही ठेवा, पण नंतर बदलू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर आणि यूट्यूबच्या वर्णनात गेलेल्या जुन्या लिंका परत गोळा करता येत नाहीत.

रिडायरेक्टचा प्रकार ३०२ किंवा ३०७, म्हणजे तात्पुरता, ठेवा. ३०१ म्हणजे कायमचा बदल. तो ब्राउझर लक्षात ठेवतो, आणि तुम्ही लिंक बदलल्यावरही जुन्या वाचकाला जुन्याच पानावर नेऊ शकतो. लिंकला 'स्पॉन्सर्ड' हे रेल (rel) मूल्य लावा, म्हणजे ही पैशाची लिंक आहे हे गूगलला सांगणारी कोडमधली खूण. गूगलने ते २०१९ मध्ये आणलं; जुनं 'नोफॉलो'ही चालतं. कॅशिंग प्लगइन (साइट वेगाने उघडावी म्हणून पानांच्या तयार प्रती ठेवणारं) असेल तर हे छोटे पत्ते त्यातून वगळा, नाहीतर क्लिक मोजलेच जाणार नाहीत. आणि आयफ्रेमवाला, म्हणजे दुकानाचं पान आपल्याच पानातल्या चौकटीत उघडणारा, क्लोकिंगचा पर्याय दिसला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. बऱ्याच साइट स्वतःला फ्रेममध्ये उघडूच देत नाहीत, वाचकाला कोरं पान दिसतं.

क्लिकच्या आकड्यांवर भाळू नका. त्यात बॉटचे, म्हणजे माणसांऐवजी आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमचे, क्लिकही असतात. नेटवर्कच्या डॅशबोर्डवरचा आकडा कमी दिसला तर मी तोच खरा धरतो. सुंदर आलेखांसाठी महागडी आवृत्ती घेणं मला तरी पटत नाही.

कमिशन मिळतं हे सांगण्याचं काम मात्र कुठलंही प्लगइन तुमच्यासाठी नीट करणार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार असा खुलासा स्पष्ट, सहज दिसेल असा आणि शिफारशीच्याच भाषेत हवा. लेख मराठीत आणि तळाला बारीक इंग्रजी ओळ, हे चालणार नाही. "या लिंकवरून खरेदी केलीत तर मला कमिशन मिळतं", एवढं पहिल्या लिंकच्या वर लिहा.

शेवटी प्रत्येक नवी लिंक मोबाइलवर, इन्कॉग्निटोमध्ये उघडा आणि पोहोचलेल्या पानाचा पत्ता पाहा. अ‍ॅमेझॉन इंडियाचा टॅग (पत्त्यातली तुमच्या खात्याची ओळख) '-२१' ने संपतो, तो तिथे दिसायला हवा. नेटवर्कच्या लिंकेत मधल्या उड्यांमध्ये, म्हणजे एका पत्त्यावरून दुसऱ्यावर जाताना, तुमचा आयडी गायब होऊ शकतो, म्हणून त्यांच्या डॅशबोर्डवर तो क्लिक नोंदला गेला का, तेही बघून घ्या.