अँटीव्हायरसचं खोकं घ्यायच्या आधी

"अँटीव्हायरस कोणता घेऊ?" असा फोन मला महिन्यातून दोनदा तरी येतो. माझं उत्तर ठरलेलं असतं: पैसे खिशातच ठेव, आधी कॉम्प्युटर सुरू कर आणि सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघड. तिथे विंडोज ११ दिसलं तर पुढे जाऊ. विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. नोंदणी केलेल्या घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात, तेवढी नोंदणी आजच करून घ्या. आणि अजून विंडोज ७ वर हिशेब लिहीत असाल तर त्या मशीनवर बँकेची साइट उघडू नका, मग वर कितीही महाग अँटीव्हायरस असो.

अपडेटबद्दल मी इतका का बोलतो? मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्याने ज्या भोकातून शिरकाव केला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. दोन महिने लोक "रिमाइंड मी लेटर" दाबत बसले. तेव्हा विंडोज अपडेट उघडा, जे थकलंय ते सगळं उतरवून घ्या, मशीन रीस्टार्ट करा. जेवायला बसण्याआधी लावून दिलं की उठेपर्यंत होतं.

आता मशीनमध्ये आधीपासून काय आहे ते बघा. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटीव्हायरस, डिफेंडर, आतच येतो, वेगळा घ्यावा लागत नाही. नव्या लॅपटॉपवर मात्र कंपनीने बहुधा कुठल्या तरी अँटीव्हायरसचा ट्रायल टाकलेला असतो. तो असेपर्यंत डिफेंडर बाजूला होतो. मग ट्रायल संपतो, रोज पिवळी पाटी येते, आपण ती रोज बंद करतो, आणि रखवाली नेमकी कोण करतंय हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. असा मुदत संपलेला पाहुणा पूर्ण अनइन्स्टॉल करा, रीस्टार्ट करा, आणि विंडोज सिक्युरिटी उघडून ढालीवर हिरवी खूण आलीय का पाहा. दोन अँटीव्हायरस एकत्र ठेवून संरक्षण दुप्पट होत नाही. दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि मशीन मात्र रडतं.

फायरवॉलसाठी घरी वेगळे पैसे मोजायची गरज मला तरी आजवर दिसलेली नाही. विंडोजचा स्वतःचा फायरवॉल २००४ पासून आपोआप चालू असतो आणि बाहेरून न बोलावता येणाऱ्यांना दारातच अडवतो. आपलं काम दोनच गोष्टींचं. एक, घरचं वायफाय "प्रायव्हेट" आणि स्टेशनवरचं, लॉजवरचं "पब्लिक" असं नेमून द्यायचं. दुसरं, एखादा प्रोग्राम पहिल्यांदा चालू करताना "अलाऊ अ‍ॅक्सेस" विचारणारी चौकट येते, ती वाचायची. प्रिंटरचं सॉफ्टवेअर असेल तर ठीक. नाव ओळखीचं नसेल तर कॅन्सल. खरं मोठं दार म्हणजे राउटर. केबलवाल्याने बसवून दिला त्या दिवसापासून त्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड बहुतेक घरांत तोच असतो. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा, हे आधी लक्षात घ्या, आणि हा बदला.

पेनड्राइव्हचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे रोगराई तिथूनच येते. पुतण्याचा शाळेचा प्रोजेक्ट प्रिंट करायला मी झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह दिला. घरी येऊन लावला तर सगळ्या फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा बाण, आणि प्रत्येकाचा आकार जेमतेम एक-दोन केबी. पोरगं रडवेलं झालं. फाइल गेलेल्या नव्हत्या, व्हायरसने लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवले होते. त्यावर डबल क्लिक केलं असतं तर तो घरच्या मशीनमध्ये शिरला असता. डिफेंडरने स्कॅन करून घाण काढली, लपलेल्या फाइल वर आणून बाजूला काढल्या, मग पेनड्राइव्ह फॉरमॅट केला. तेव्हापासून झेरॉक्सचा पेनड्राइव्ह वेगळा: त्यात एकच पीडीएफ, आणि घरी आल्यावर उघडण्याआधी राइट क्लिक करून स्कॅन.

इतकं झाल्यावरही विकतचा हवा असेल तर घ्या, मी नाही म्हणत नाही. घरात मुलं आहेत, त्यांच्या साइटवर लक्ष ठेवायचंय, किंवा अडल्यावर फोनवर बोलायला माणूस हवाय, ही कारणं रास्त आहेत. पुण्यात काटकर बंधूंनी दुरुस्तीच्या दुकानातून उभा केलेला क्विक हील आपल्या गावोगावच्या दुकानांत मिळतो. पण कुठलाही घ्या, आधी एव्ही-टेस्ट आणि एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या दोन प्रयोगशाळांचे ताजे निकाल बघा. त्यात किती व्हायरस पकडले याइतकंच मशीन किती मंदावलं आणि चांगल्या फाइलला उगाच चोर किती वेळा ठरवलं हेही पाहा. चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनला मंदावण्याचा आकडाच महत्त्वाचा. दुसऱ्या वर्षाचा दर दुकानदाराला आजच विचारा, पहिल्या वर्षाच्या सवलतीवर भाळू नका. फुकटचा घेणार असाल तर तो तुमच्या माहितीचं काय करतो ते वाचा. अवास्टने वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती विकली म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये त्यांच्याकडून १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल करायचं ठरवलं. आणि क्रॅक केलेला अँटीव्हायरस? चोरालाच किल्ली द्यायची, आणखी काय.

रोजच्या वापराला साधं, अ‍ॅडमिनचे हक्क नसलेलं खातं उघडा. फोटो आणि कागदपत्रं एका बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती काढून कपाटात ठेवा. लावूनच ठेवली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइलना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, तिलाही कुलूप घालतो. स्क्रीनभर "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा" असं आलं तर तो फोन करू नका, मायक्रोसॉफ्टच्या इशाऱ्यात कधीच फोन नंबर नसतो. आईबाबांसाठी मॉनिटरला एक चिठ्ठी लावा: पैसे गेले तर लगेच १९३० (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन).

शेवटी परीक्षा. आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी-ओळ इंटरनेटवर मिळते, ती जगभरातले अँटीव्हायरस मुद्दाम व्हायरस म्हणून पकडतात. नोटपॅडमध्ये चिकटवून सेव्ह करा. क्षणभरात इशारा येऊन फाइल गायब झाली तर रखवालदार जागा आहे. फाइल तशीच डेस्कटॉपवर पडून राहिली तर विकतच्याचं बिल शोधा आणि मशीन उचलून त्याच दुकानात जा.