होलोकॉस्टवर मराठीत कथा लिहिताना: अपराधी कोण निवडावा, क्षमा कोणाकडे ठेवावी

सांगलीत किंवा साताऱ्यात बसून होलोकॉस्टवर, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या नरसंहारावर, कथा लिहिणाऱ्याला पहिला मोह वळिवड्याचा होतो. कोल्हापूरजवळच्या या गावी १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यामुळे छळछावणीतून वाचलेली वृद्धा तिथे आणून बसवली की काम भागेल असे वाटते. मात्र हे लोक बहुतांशी कॅथलिक होते आणि त्यांना हद्दपार केले होते ते सोव्हिएत राजवटीने, नाझींनी नव्हे. त्यांची कहाणी स्वतंत्रपणेच लिहावी.

अपराधी म्हणून छावणीचा कमांडंट घेऊ नये. त्याच्या क्रौर्यात वाचकाला स्वतःचे काहीच सापडत नाही. त्याऐवजी जर्मन रेल्वेचा कारकून घ्यावा. छावण्यांकडे जाणाऱ्या गाड्यांचे भाडे रेल्वे रीतसर आकारत असे: दर तिसऱ्या वर्गाचा, दहा वर्षांखालील मुलांना अर्धे तिकीट, चार वर्षांखालील मुलांना माफी, आणि माणसे चारशे किंवा त्याहून अधिक असतील तर निम्म्या दराची सवलत. भाडे एकेरी प्रवासाचे लावले जाई. परतीचे फक्त पहारेकऱ्यांचे. बेरीज जुळत नाही म्हणून चार वर्षांखालच्या मुलांचा आकडा हा कारकून पुन्हा मागवतो, एवढा एकच प्रसंग शाई, टिपकागद आणि जेवणाच्या सुट्टीसह नीट लिहिला, तर गॅसकोठडीचे वर्णन करण्याची गरज राहत नाही. (मिरज जंक्शनवर ज्याने बालपण काढले आहे, त्याला हा माणूस परका वाटणार नाही.)

तपशिलात मात्र सवलत नाही. हंगेरीतून ज्यूंची मोठी हद्दपारी १५ मे १९४४ रोजी सुरू झाली, म्हणून तेथील पात्राला १९४२ मध्येच गाडीत बसवता येत नाही. कैद्यांच्या हातावर क्रमांक गोंदवण्याची पद्धत ऑशविट्झ या छावणीची होती, आणि तिथेही उतरताच मृत्यूकडे पाठवलेल्यांना क्रमांक मिळालाच नाही. जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारक-संस्थेची बळींची नावनोंदणी इंटरनेटवर विनामूल्य पाहता येते. पात्राचे नाव ठेवण्यापूर्वी ती पाहावी.

सर्वांत अवघड भाग क्षमेचा. ज्यू परंपरेनुसार यॉम किप्पुर या वार्षिक प्रायश्चित्ताच्या दिवशी देवाविरुद्धच्या पापाचे प्रायश्चित्त होते. परंतु माणसाविरुद्ध केलेले पाप, त्या माणसाची समजूत काढल्यावाचून फिटत नाही. मारल्या गेलेल्याची समजूत कोण काढणार? म्हणूनच अपराध्याच्या नातीने माफी मागावी आणि वाचलेल्या वृद्धेने तिच्या डोक्यावर हात ठेवावा, हा शेवट आपल्याला कितीही गोड वाटला तरी खोटा आहे. कीर्तनातला वाल्याचा वाल्मीकीही इथे आणू नये. त्या कथेतले उपयोगी वळण निराळेच आहे: ज्यांच्यासाठी वाल्याने पाप केले, ती बायकामुले पापाचे वाटेकरी व्हायला नकार देतात. कारकुनाच्या पगारावर वाढलेल्या मुलीपुढे हाच प्रश्न ठेवावा.

संवादांसाठी कान तयार करायचा असेल, तर गावातच विचारपूस करावी. गांधीजींच्या हत्येनंतर, १९४८ मध्ये, सातारा-सांगली भागात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. नरसंहाराशी त्याची बरोबरी होत नाही आणि कथेत ती सूचितही करू नये. पण जुन्या माणसांशी त्याविषयी बोलताना “घरं जळाली”, “बाहेरून लोक आले होते” अशी वाक्ये कानांवर पडली, तर ती जशीच्या तशी टिपून घ्यावीत. कारकुनाला तशीच वाक्ये द्यावीत, आणि मुलीला मधूनमधून फक्त “कोणी?” एवढेच विचारू द्यावे.