योगाभ्यास मुरवायचा तर: आधी सतरंजी, मग शिबिर, मग प्रवास

दोन-तीन वर्षं नियमाने वर्गाला जाणाऱ्यांच्या वाट्याला एक टप्पा हमखास येतो. पश्चिमोत्तानासनात हात पोटरीपर्यंत पोचतात आणि तिथेच अडतात. त्रिकोणासन जमतं, पण त्यात नेमकं काय घडलं ते सांगता येत नाही. शवासनात उद्याच्या मीटिंगचे विचार चालू असतात. मग कुणीतरी ऋषिकेशचे फोटो दाखवतं आणि तिकिटं काढली जातात.

माझा सल्ला उलटा आहे. आधी घरात चार साधनं जमवा, मग जवळपासचं छोटं शिबिर करा आणि लांबचा प्रवास सगळ्यात शेवटी ठेवा. या तिन्ही ठिकाणी सोबत न्यायची गोष्ट एकच: स्वतःच्या अभ्यासातून आलेला एक नेमका प्रश्न. तो नसेल तर शिबिरातून फक्त फोटो आणि टी-शर्ट घरी येतो.

प्रश्न कसा शोधायचा

एक साधी वही घ्या. दीड-दोन महिने, आठवड्यातले निदान पाच दिवस, तीच आठ-दहा आसनं त्याच क्रमाने करा. वेळ अर्धा-पाऊण तास पुरे. क्रम बदलायचा मोह होईल, बदलू नका. रोज सगळंच वेगळं केलं तर काय बदललं हे कळायला मार्ग राहत नाही.

संपल्यावर वहीत तीनच गोष्टी लिहा: कोणतं आसन, किती वेळ, कुठे अडलं. ‘आज छान वाटलं’ अशी नोंद पुढे कामाला येत नाही. ‘उजवीकडच्या त्रिकोणासनात डावा खांदा पुढे पडतो’ ही येते. काही आठवड्यांनी पानं उलटून पाहिलीत की एखादी तक्रार पुन्हा पुन्हा दिसेल. कुणाची सर्वांगासनात मान आखडत असेल, कुणाची पुढे वाकताना पाठ गोल होत असेल, कुणाचे गुडघे वीरासनात बोलत असतील. तोच तुमचा प्रश्न.

साधनं: काय घ्यायचं, काय घरातच आहे

आसनांसाठी साधनं वापरायची पद्धत जगभर पोचली ती पुण्यातून. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आले तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. सहा महिन्यांसाठी आले आणि २०१४ साली निधन होईपर्यंत पुण्याचेच राहिले. आज परदेशी स्टुडिओंमध्ये दिसणारे पट्टे, ब्लॉक, लोड, खुर्च्या आणि भिंतीवरचे दोर हे सगळं मुख्यतः त्यांच्या शिकवण्यातून आलं. ज्याचं शरीर आसनात पोचत नाही त्याच्यापर्यंत आसन पोचवायचं, एवढी साधी त्यामागची कल्पना.

सगळ्यात चांगलं साधन फुकट आहे: भिंत. अर्धचंद्रासन पाठ भिंतीला टेकवून करा. तोल सांभाळण्यात जाणारी शक्ती वाचते आणि छाती उघडते की नाही याकडे लक्ष देता येतं. दमून आलेल्या संध्याकाळी बाकी काही जमत नसेल तर पाय भिंतीला लावून दहा मिनिटं पडून राहा.

ब्लॉक दोन लागतात. फोमचे हलके असतात, पण वजन टाकलं की दबतात. लाकडी किंवा कॉर्कचे चांगले. विकत घ्यायच्या आधी करून पाहायचं असेल तर बांधकामाची भाजलेली वीट जुन्या साडीच्या तुकड्यात घट्ट गुंडाळून शिवून टाका. लाकडी ब्लॉकचा आकार साधारण विटेएवढाच असतो. त्रिकोणासनात खालचा हात जमिनीऐवजी विटेवर ठेवा. वीट उभी, आडवी आणि पालथी अशा तीन उंच्या मिळतात. उभ्या विटेपासून सुरुवात करा, छाती छताकडे वळलेली राहत असेल तरच खालच्या उंचीवर या.

पट्टा सुती, सहा ते आठ फुटांचा, धातूच्या कडीचा हवा. ओढणी चालत नाही, ती ताणली जाते. जुना सुती पंचा चालतो. पश्चिमोत्तानासनात पट्टा तळपायांना लावून दोन्ही हातांत धरा, पाठ आधी लांब करा आणि मगच वाका. ज्यांची पाठ गोल होते त्यांनी दुमडलेल्या सतरंजीवर बसावं. बैठक दोन-तीन इंच उंचावली की कंबर पुढे वळायला जागा मिळते. बहुतेकांचं अडतं ते इथेच, पोटऱ्यांत नव्हे.

लोड मात्र नीट घ्यायला हवा. बैठकीवरचा जुना कापसाचा लोड असेल आणि तो अजून टणक असेल तर उत्तम. नसेल तर गादीवाल्याकडून करून घ्या: लांबी दोन फूट, जाडी आठ-नऊ इंच, कापूस ठासून भरलेला, वर धुता येईल अशी खोळ. शेवरीचा करू नका, आठवड्यात चपटा होतो. सुप्त बद्धकोणासनात लोड कमरेमागून डोक्यापर्यंत उभा ठेवा, तळवे जुळवा, मांड्यांखाली उशा द्या आणि पाच-सात मिनिटं पडा. ‘हे तर झोपणंच झालं’ असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की तिसऱ्या मिनिटाला श्वास कुठे जातोय ते बघा.

खुर्ची घ्यायची तर लोखंडी, घडीची. प्लॅस्टिकची नको, तिचे पाय फाकतात. तीही सतरंजी किंवा मॅटवर, भिंतीला टेकवून. भिंतीवरचे दोर घरी लावायच्या फंदात पडू नका. पातळ विभाजक भिंतीतून हूक निघून येतो आणि त्या वेळी तुम्ही त्याला लटकलेले असता. रंगीत चाकं, झोपाळे वगैरे पुढच्या जन्मी.

चादरींचा सगळ्यात मोठा उपयोग सर्वांगासनात होतो. मानेवर भार घेऊन हे आसन वर्षानुवर्षं करणारे अनेक आहेत, म्हणून हे तपशिलात सांगते. सोलापुरी चादर यासाठी नामी, कारण तिची घडी दबत नाही. दुलई किंवा ब्लँकेट मऊ असेल तर खांदे त्यात बुडतात.

१. तीन-चार चादरींच्या साधारण दोन फूट बाय अडीच फूट अशा एकसारख्या घड्या करा. गोल दुमडलेल्या कडा एकाच बाजूला घेऊन एकावर एक रचा. उंची दोन-अडीच इंच झाली पाहिजे.

२. त्या गोल कडेच्या बाजूला डोकं करून आडवे व्हा. खांदे घडीवर, कडेपासून दोन बोटं आत. डोकं जमिनीवर. मानेचा मागचा भाग मोकळा राहिला पाहिजे.

३. पट्ट्याचा खांद्याएवढा रुंद फास करून कोपरांच्या जरा वर अडकवा, म्हणजे कोपरं बाहेर पळत नाहीत.

४. डोक्यामागे खुर्ची ठेवा. हलासनात पाय आधी तिच्यावर टेका, तळवे पाठीला लावा, मग एकेक पाय वर न्या.

५. वर असताना मान अजिबात वळवू नका. घसा आवळला, डोळ्यांत ताण आला, कानांत दडे बसले तर लगेच उतरा.

पहिल्यांदा हे शिक्षकासमोरच करा. रक्तदाब जास्त असेल, काचबिंदू किंवा डोळ्यांच्या पडद्याचा त्रास असेल, मानेचा स्पाँडिलायटिस असेल तर डॉक्टरांना आणि शिक्षकांना विचारल्याशिवाय नको. पाळीच्या दिवसांत अय्यंगार परंपरेत उलटी आसनं करत नाहीत. त्या दिवसांसाठी लोडावरची आसनं आहेत.

साधनाची सवय जडू नये म्हणून आठवड्यातून एकदा तेच आसन साधनाशिवाय करून पाहा आणि फरक वहीत लिहा.

शिबिर निवडताना

महाराष्ट्रात राहणाऱ्यांना लांब जायची गरजच नाही. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली सुरू केलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्याचं काम तिथे त्याच काळात सुरू झालं. सांताक्रूझची द योग इन्स्टिट्यूट त्याहून जुनी, १९१८ सालची. तिचा भर संसारात राहून जमेल अशा योगावर आहे. नाशिकचं योग विद्या धाम, नागपूरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ, ठाण्याचं घंटाळी मित्र मंडळ ही नावं त्या-त्या शहरात घरोघरी माहीत आहेत. पुण्यात मॉडेल कॉलनीतली रमामणी अय्यंगार मेमोरियल योग इन्स्टिट्यूट १९७५ पासून चालू आहे. जगभरचे शिक्षक अनेक वर्षांच्या सरावानंतर तिथे प्रवेशासाठी अर्ज करतात आणि वाट पाहतात. शेजारच्या गल्लीतले पुणेकर ‘जाऊ कधीतरी’ म्हणतात.

पहिलं शिबिर दोन दिवसांचं, एका विषयाचं असावं: फक्त पुढे वाकायची आसनं, किंवा फक्त प्राणायामाची बैठक. ‘संपूर्ण योग, सात दिवसांत’ अशा नावापासून दूर राहा. पैसे भरण्याआधी फोन करून विचारा: शिक्षक स्वतः कुणाकडे आणि किती वर्षं शिकले? वर्गात किती जण असतील आणि मदतनीस किती? नवखे आणि जुने एकत्र आहेत का? गुडघा दुखणाऱ्याला वीरासनाऐवजी काय देता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गडबडीत मिळालं तर तिथे जाऊ नका. मधुमेहाची गोळी बंद करून देतो म्हणणाऱ्याकडे तर मुळीच नको. आसन दुरुस्त करताना हात लावण्याआधी विचारलं जातं का, हेही निःसंकोच विचारा.

शिबिराच्या दिवशी जड जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत. आजार, शस्त्रक्रिया, गरोदरपण असेल तर वर्ग सुरू होण्याआधी सांगा, मध्येच नको. तुमचा प्रश्न योग्य वेळ पाहून एकदाच आणि थोडक्यात विचारा. स्वतःच्या पाठीचा इतिहास पंधरा मिनिटं सांगणारा एक जण प्रत्येक शिबिरात असतो, तो आपण होऊ नये. वर्गानंतर साधनं जशी होती तशी, कडेला कडा लावून ठेवायची. अय्यंगार पद्धतीच्या वर्गात चादर कशीबशी फेकलीत तर ती परत उघडून घडी घालायला लावतात आणि ते बरोबरच आहे.

त्याच रात्री वहीत तीन ओळी लिहा. पुढचे तीन आठवडे फक्त त्या तीन ओळींवर काम करा.

आता प्रवास

एखाद-दुसऱ्या शिबिरानंतर आपल्याला कोणती पद्धत मानवते ते कळतं. ठिकाण त्यावरून ठरवा, फोटोंवरून नको.

अंगात ऊब आणणारा, श्वासाच्या मोजणीवर चालणारा अभ्यास आवडत असेल तर म्हैसूर. के. पट्टाभि जोइस यांच्या अष्टांग परंपरेत प्रत्येक जण आपल्या गतीने ठरलेला क्रम करतो आणि शिक्षक फिरून पुढचं आसन देतात. शनिवारी आणि अमावास्या-पौर्णिमेला सुट्टी असते, म्हणून दिवस मोजताना पंचांग जवळ ठेवा. त्यांचे नातू शरथ जोइस २०२४ मध्ये गेले, तेव्हा जुनी माहिती वाचून बेत आखू नका. सध्या कोण, कुठे शिकवतं हे विचारूनच निघा. इथे साधनं जवळजवळ नसतात, हेही आधी माहीत असलेलं बरं.

योगनिद्रा, म्हणजे पडून जागेपणी घ्यायची खोल विश्रांती, आणि आश्रमाचं शिस्तीचं जीवन हवं असेल तर गंगेकाठच्या मुंगेरचं बिहार स्कूल ऑफ योग. तिथे आयतं जाऊन राहता येत नाही, आधी पत्रव्यवहार करावा लागतो आणि आश्रमाची कामंही करावी लागतात. आसनांचा पसारा शोधणाऱ्यांची तिथे निराशा होईल.

ऋषिकेश सर्वांत सोपं आणि सर्वांत फसवं. गंगा आहे, जुने आश्रम आहेत, आणि दर दोन दुकानांआड एक ‘२०० तासांचा’ शिक्षक अभ्यासक्रमही आहे. हे २०० तास म्हणजे बहुधा एका अमेरिकी संस्थेच्या नोंदणीचं माप, सरकारी परवाना नव्हे. आपल्याकडे आयुष मंत्रालयाचं योग प्रमाणन मंडळ २०१८ पासून वेगळ्या परीक्षा घेतं. शिकवायचं नसेल तर दोन्हींची गरज नाही. एखाद्या आश्रमात आठ-दहा दिवस राहून एकाच शिक्षकाकडे सकाळ-संध्याकाळ जाणं कितीतरी चांगलं. फेब्रुवारी-मार्च किंवा दसरा-दिवाळीच्या आसपास जा. एक खाचखळगा मराठी माणसाच्या लक्षात येत नाही: उत्तरेचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो. आपल्याकडे अजून आषाढच चालू असतो तेव्हा हरिद्वार-ऋषिकेश रस्ता कावड यात्रेने भरून गेलेला असतो.

सामानात पट्टा आणि एक सोलापुरी चादर पुरे, लोड न्यायची गरज नाही. निघायच्या दोन आठवडे आधीपासून चहा कमी करत आणा. बऱ्याच आश्रमांत तो मिळत नाही, आणि पहिले दोन दिवस डोकं धरून बसलेले लोक मी पाहिले आहेत. लांबच्या रेल्वे प्रवासानंतर पहिल्या दिवशी फक्त भिंतीला पाय लावून पडा. परतीच्या तिकिटानंतर ऑफिस सुरू होण्याआधी एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा.

घरी आल्यावर नेहमीच्या शिक्षकांना काय शिकलात ते दाखवा. कधी कधी सूचना एकमेकींच्या विरुद्ध निघतात. म्हैसूरला खांदे एका तऱ्हेने सांगितलेले असतात, तुमच्या वर्गात दुसऱ्या. तिथे वाद घालू नका आणि दोन्ही एकाच आसनात मिसळूही नका. एक आठवडा एक सूचना, पुढचा आठवडा दुसरी, दोन्ही वेळा तेच आसन आणि तेवढाच वेळ. दुखणं किंवा मुंग्या आल्या तर ती सूचना सोडून द्या, शिकवणारा कितीही मोठा असला तरी.