रस्त्यावर राहताना झोप कशी भरून काढायची

रस्त्यावर सलग सात तास झोप क्वचितच मिळते. म्हणून हिशोब रात्रीचा नको, चोवीस तासांचा ठेवा. झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं. रात्री तीन ते साडेचार तासांची एक मोठी झोप आणि दिवसा दीड-दीड तासाच्या एक-दोन, असं जमवता आलं तर शरीर तग धरतं. मोठी झोप शक्यतो रोज त्याच वेळी घ्या. दोघं असाल तर तीन-तीन तास आळीपाळीने जागा. राखण करणारं कुणी असलं की झोप खरंच गाढ लागते.

सगळ्यात जास्त लक्ष अंगाखाली द्या. वर दोन पांघरुणं आणि खाली नुसती फरशी असेल, तर पहाटे कुडकुडत जाग येणारच, कारण काँक्रीट अंगातली ऊब ओढून घेतं. त्यात दाबली गेलेली गोधडी फारशी ऊब धरत नाही. आधी प्लास्टिक अंथरा, त्यावर कोरड्या पुठ्ठ्याचे चार-पाच थर. सांध्यावर सांधा येऊ देऊ नका, नाहीतर फटीतून गारवा लागतो. पुठ्ठ्याच्या नळ्यांमधली हवाच ऊब राखते. भिजून चपटा झालेला पुठ्ठा टाकून द्या. प्लास्टिक अंगाभोवती मात्र घट्ट गुंडाळू नका, आत घाम साचून कपडे ओले होतात. इमारतीतली गरम हवा बाहेर सोडणाऱ्या जाळीवर झोपल्यावरही वाफेने तेच होतं. झोपण्यापूर्वी पाय पुसून कोरडे मोजे घाला. पाय पांढरे, बधीर पडले तर दवाखाना गाठा.

उभ्या गाड्यांच्या मागेपुढे किंवा कचऱ्याच्या मोठ्या डब्यात कधीच झोपू नका, चालकाला तुम्ही दिसत नाही. बंद जागेत कोळसा पेटवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. उजेडातली, इतर माणसं झोपतात अशी जागा बरी, डोळ्यांवर कापड बांधा. कागदपत्रं, औषधं, पैसे आतल्या कपड्यात, बूट पिशवीत घालून डोक्याखाली, पिशवीचा पट्टा हाताला.

दारूने डोळा लवकर लागतो, पण थोड्या तासांतच झोप मोडते. शिवाय अंगातली उष्णता बाहेर जाते आणि थंडी वाजल्याचं कळतही नाही. चहा-कॉफी झोपेच्या सहा तास आधी थांबवा.

दिवसा वाचनालयात किंवा प्रतीक्षागृहात बसूनच झोपावं लागलं, तर जाग येईल तेव्हा घोटे फिरवा, थोडं चाला. पाय लोंबकळत राहिले की सुजतात. एकच पाय सुजून दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. निवाऱ्यात जागा मिळत असेल तर दार उघडण्याच्या आधी रांगेत उभे राहा आणि सकाळी किती वाजता बाहेर काढतात ते विचारून घ्या, म्हणजे दुपारची झोप ठरवता येते.

थंडीत कुणाचं कुडकुडणं थांबलं आणि बोलणं अडखळू लागलं, तर त्याला झोपू देऊ नका. ओले कपडे काढा, कोरडं पांघरूण द्या, लगेच रुग्णवाहिका बोलवा.