झाडाखालच्या सावलीत मनी प्लांट पसरवताना: पावसाळी लागवड आणि पुढची निगा

मोठ्या झाडाच्या दाट सावलीत लॉन टिकत नाही. पहिल्या वर्षी हिरवळ दिसते, दुसऱ्या वर्षी गवत विरळ होतं, आणि तिसऱ्या पावसाळ्यात उघड्या मातीवर थेंब आपटून भिंतीवर कमरेपर्यंत चिखल उडतो. अशा जागी पिवळ्या-पांढऱ्या छटांच्या पानांचा मनी प्लांट जमिनीवर पसरवता येतो. तो वर्षभर हिरवा राहतो, पानांचा थर पावसाचा मार झेलतो, माती धुपत नाही, आणि एकदा दाट झाला की खुरपणीही फारशी उरत नाही. हा सल्ला फार्महाऊस, सोसायटीची बाग, शाळेचं आवार, होम-स्टेचं अंगण सांभाळणाऱ्यांसाठी आणि अशा कामांना रोपं पुरवणाऱ्या रोपवाटिकांसाठी आहे.

ही वेल मूळची प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरची, अळूच्या कुळातली. तिला फूल जवळपास कधीच येत नाही, कारण फुलोऱ्यासाठी लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तिच्यात पुरेसं तयार होत नाही. म्हणून बियाण्याचा प्रश्नच नाही. जगभरातली सगळी लागवड कांड्यांवरून, म्हणजे वेलीच्या तुकड्यांवरून, झालेली आहे. यातून लागवडीपुरती एक गोष्ट लक्षात ठेवायची: आज जी कांडी निवडाल, तिच्याच पानांचा रंग पुढची कित्येक वर्षं बागेत दिसणार आहे.

जागा निवडताना झाडाखाली नुसती सावली आहे का एवढं पाहू नका. चैत्र-वैशाखात ती सावली टिकते का ते पाहा. बहावा, गुलमोहर, शिरीष ही झाडं ऐन उन्हाळ्यात पानं टाकतात. पावसाळ्यात त्यांच्याखाली वेल जोमाने पसरते आणि एप्रिलच्या दुपारी तीच पानं करपून तपकिरी होतात. पानावरचा पांढरा भाग सगळ्यात आधी जळतो. फणस, बकुळ, सीता अशोक अशी बारमाही पानांची झाडं यासाठी उत्तम. इमारतीची उत्तर बाजू किंवा दोन इमारतींमधली मोकळी पट्टीही चालते. सकाळी ९-१० पर्यंतचं कोवळं ऊन मिळालं तर रंग खुलतो. दुपारचं थेट ऊन नको. उलट फारच काळोख असेल तर वेल जगते, पण हळूहळू हिरवीगार होत जाते आणि पेरं, म्हणजे पानं फुटतात त्या वेलीवरच्या गाठी, एकमेकांपासून लांब पडतात.

विक्रीसाठी फळं घेता त्या आंबा, चिकू, पेरूच्या बागेत मात्र ही वेल पसरवू नका. फळमाशीचा बंदोबस्त करायचा तर खाली पडलेली किडकी फळं रोज वेचून नष्ट करावी लागतात, कारण अळ्या फळातून बाहेर पडून झाडाखालच्या मातीत कोषात जातात. दाट पानांखाली पडलेलं फळ दिसत नाही. एका सुंदर आच्छादनापायी पुढच्या हंगामाची माशी आपणच पोसू. निलगिरीखालीही टाळा; तिथली जमीन इतकी कोरडी पडते की उन्हाळ्यात पाणी पुरत नाही.

आता जात. नर्सरीत मागायला गेलात तर चार-पाच प्रकार दाखवतील. जमिनीवर पसरवायला साधा सोनेरी मनी प्लांटच घ्या. त्याची वाढ जोमदार असते, चुका पोटात घालतो, मोकळी जागा लवकर भरतो. मार्बल क्वीन दिसायला देखणी, पण पानात पांढरा भाग जास्त म्हणून वाढ संथ, आणि उन्हाचा चटका तिला लवकर बसतो. दारालगतच्या छोट्या वाफ्यात लावा, अर्ध्या गुंठ्यात नको. एन-जॉय कुंडीतच शोभते. निऑन पिवळसर हिरवा एकरंगी असतो. तो सोनेरीच्या कडेने लावला तर छान उठून दिसतो.

कांडी कशी निवडावी, इथे जरा थांबून सांगतो, कारण निम्मं यश इथेच ठरतं. वेल हातात धरून पाहिली की प्रत्येक पेराशी, पानाच्या देठासमोर, एक तपकिरी टोकदार गाठ दिसते. ती हवाई मुळाची सुरुवात. देठाच्या बगलेत डोळा असतो, नवी फूट तिथून निघते. पान जसं रंगलेलं असेल साधारण तशीच त्या डोळ्याची फूट येते. म्हणून पूर्ण हिरव्या पानाशेजारचा डोळा घेतला तर हिरवीच वेल मिळते. पूर्ण पांढरं पान पाहून मोहात पडू नका. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो अन्न बनवत नाही, आणि अशी फूट खुरटून मरते. हिरवा आणि पिवळा रंग पानभर मिसळलेला आहे अशीच पेरं वेचा. खोडावरही फिक्या रेषा असतील तर फारच चांगलं.

शेंड्याचा अगदी कोवळा भाग आणि बुडाचा जून भाग सोडून मधल्या भागातून दोन पेरांच्या कांड्या काढा. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, स्पिरिटने पुसून घ्या, दुसऱ्या वेलीला लावण्याआधी पुन्हा पुसा. मनी प्लांट चोरून आणलेला असेल तरच फळतो असा समज आपल्याकडे घरोघरी आहे. तो कुणाचा असेल तो असो, पण रात्री घाईत तोडलेली कांडी निरोगी वेलीवरची आहे का हे कोण पाहतो? डागाळलेल्या एका कांडीसोबत सगळ्या वाफ्यात रोग येतो. मालकाला विचारून, उजेडात पाहून घ्या.

कोकणात मृगाचा पाऊस स्थिरावला आणि जमिनीला वाफसा आला, म्हणजे चिखल न होता ओल राहिली, की कांड्या थेट जागेवर लावता येतात. घाटमाथ्याच्या पूर्वेला, म्हणजे पुणे-नगरपासून मराठवाडा-विदर्भापर्यंत, पावसाचा खंड पडतो, तिथे आधी पिशवीत मुळं धरवून मग आर्द्रा-पुनर्वसूत रोप लावावं. माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट समभाग घेऊन छोट्या पॉलिबॅगा भरा, एक पेर मातीत आणि एक वर राहील अशी कांडी खोचा, ७५ टक्के सावली देणाऱ्या शेडनेटखाली ठेवा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. कांडी हलकेच ओढून पाहा. मातीने धरून ठेवली की समजायचं काम झालं. ऑगस्टअखेरपर्यंत लागवड उरकावी. त्यानंतर लावलेली वेल थंडीच्या आत जमीन धरत नाही.

जमीन तयार करताना झाडाच्या बुंध्याजवळ कुदळ चालवू नका. वरवरची मुळं तुटली की झाडाला वर्षभर त्याचा त्रास होतो. मुळांच्या मधल्या बेचक्यांत हाताने खड्डे करा, प्रत्येक चौरस मीटरला २ ते ३ किलो कुजलेलं शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळा. लव्हाळा हे गाठींचं चिवट तण असेल तर आधी त्याचा बंदोबस्त झालाच पाहिजे. गाठी खणून वेचा, पहिल्या पावसानंतर पुन्हा उगवलेलं पुन्हा काढा, मगच लागवड करा. वेलीच्या जाळीत शिरलेला लव्हाळा निघत नाही. ओढला तर पात हातात येते आणि गाठ खाली राहते. काळ्या भारी मातीत पाणी साचत असेल तर १५ सेंटिमीटर उंच गादीवाफे करा. या वेलीला ओल हवी, पण मुळाशी उभं पाणी दोन-तीन दिवस राहिलं तर बूड कुजतं.

दोन रोपांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवलं तर चौरस मीटरला साधारण ११ रोपं लागतात. रोपं कमी असतील तर लांब वेलीच आडव्या पसरा, दर दुसऱ्या पेरावर मूठभर माती टाका आणि जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) तारेचा यू आकाराचा आकडा करून पेर जमिनीला टेकवून धरा. टेकलेलं प्रत्येक पेर मूळ धरतं. पुढे कुठे मोकळी जागा पडली तरी हीच युक्ती वापरायची, नवीन रोप आणायची गरज पडत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत मोकळ्या जागेवर पालापाचोळ्याचं आच्छादन द्या.

वाढीच्या काळात महिन्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम घालून द्या, तेवढं पुष्कळ. युरिया टाळा. त्याने लुसलुशीत हिरवी वाढ होते, रंग फिका पडतो आणि कूज लवकर लागते. पाणी द्यायला पानांखालून इनलाइन ठिबकची नळी फिरवणं सगळ्यात चांगलं. संध्याकाळी पाइपने पानांवर पाणी मारायची सवय मोडा. रात्रभर ओली राहिलेली पानं डागाळतात.

जमिनीवरची वेल जमिनीवरच ठेवणं हे या लागवडीतलं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. हिला खोड सापडलं की ती चढते, आणि चढली की तिचं रूप बदलतं. जमिनीवर तळहाताएवढं असलेलं पान वर जाऊन सुपाएवढं होतं, कडेला फाटतं, आणि वेल मनगटाएवढी जाडही होऊ शकते. मग झाडाच्या फांद्यांवर भार येतो, साल सतत ओली राहते, आणि खालचा वाफा मात्र विरळ होतो, कारण सगळा जोर वर जातो. बुंध्याभोवती दीड फुटाचं कडं कायम मोकळं ठेवा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कडेच्या फुटी उचलून वाफ्याच्या आत वळवा किंवा छाटा. भिंतीलगतही हेच, हवाई मुळं गिलाव्याला चिकटली की काढताना रंगाचे पोपडे निघतात. त्याच फेरीत पूर्ण हिरव्या झालेल्या फुटी बुडापासून काढत चला. त्या जास्त अन्न बनवतात म्हणून वेगाने वाढतात, आणि दुर्लक्ष केलं तर रंगीत वेलीला झाकून टाकतात. माळीबुवांना नुसतं "छाटा" म्हणून भागत नाही, कोणती फूट काढायची ती एकदा सोबत उभं राहून दाखवा.

जुलै-ऑगस्टच्या झडीत तीन गोष्टींवर नजर ठेवा. खोडाच्या बुडाशी पांढरे कापसासारखे धागे आणि त्यांत मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती बुरशीची खोडकूज. ते दाणे मातीत पुढच्या वर्षांपर्यंत जिवंत राहतात, म्हणून रोप आणि भोवतालची माती खरवडून बाहेर काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका, आणि उरलेल्या जागी शेणखतात वाढवलेला ट्रायकोडर्मा, ही रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, मिसळा. पानांवर पाणी शोषल्यासारखे काळे डाग वाढत असतील तर ती पानं काढून कॉपर ऑक्सिक्लोराइड हे ताम्रयुक्त बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम फवारा, पाऊस उघडलेला पाहून. गोगलगायींसाठी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी वाफ्यात टाका आणि सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचून मिठाच्या पाण्यात बुडवा. घराजवळ मेटाल्डिहाइड या गोगलगायींच्या विषाच्या गोळ्या टाकू नका, कुत्री त्या खातात आणि दगावतात. पिठ्या ढेकूण उन्हाळ्यात येतो. थोडका असेल तर साबणाच्या पाण्याने पुसून निघतो.

या वेलीत अळूसारखेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईदार कण असतात. चावली की तोंडाची आग होते, लाळ गळते. वासरं, शेळ्या, कुत्री-मांजरं आणि रांगती मुलं जिथे मोकळी फिरतात तिथे हिला कुंपणाच्या आत ठेवा. छाटणी करताना हातमोजे घाला, काहींच्या हाताला चिकाने खाज सुटते. दाट आच्छादनात साप बसायला जागा मिळते, ही गावाकडची काळजी खरी आहे. उंबऱ्यापासून, पायवाटेपासून आणि मुलांच्या खेळाच्या जागेपासून मीटरभर पट्टी साफ ठेवा, आणि वाफ्यात हात घालण्याआधी काठीने पानं हलवा.

डिसेंबर-जानेवारीत निफाडसारख्या ठिकाणी पारा ५-६ अंशांवर येतो, तेव्हा उघड्यावरची पानं काळवंडतात. थंडीची लाट येणार असेल तर संध्याकाळी शेडनेटचा तुकडा किंवा जुन्या साड्या पसरून सकाळी काढा. काळवंडलेली पानं लगेच छाटू नका, माघ सरेपर्यंत थांबा, बुडाच्या डोळ्यांतून फूट येते. थंडीत पाणी आठ-दहा दिवसांनी पुरतं, उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड.

छाटलेल्या वेलींचं काय करता यावरही लक्ष असू द्या. श्रीलंका, हवाई, फ्लोरिडा अशा उष्ण, दमट भागांत हीच वेल बागांमधून निसटून जंगलात शिरली आणि आता तिथे उपद्रवी मानली जाते. आपला कोकण आणि सह्याद्रीचा पश्चिम उतार तसाच दमट आहे. नाल्यात, ओढ्याच्या काठाला किंवा देवराईच्या कडेला छाटणी फेकली तर प्रत्येक पेर रुजू शकतं. छाटलेल्या वेली सिमेंटच्या ओट्यावर किंवा पत्र्यावर कडक उन्हात पूर्ण वाळवा, देठ कटकन मोडला की मगच कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. भर पावसात वाळवणं शक्य नसतं, तेव्हा जाड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून कुजू द्या आणि पूर्ण काळ्या होईपर्यंत उघडू नका.