मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमधे ४० ऐवजी ३९.९९ तास येतायत? आधी मिनिटं बघा

मी भोसरीत एका टूलरूमचं, म्हणजे डाय-साचे बनवणाऱ्या वर्कशॉपचं, प्लॅनिंग बघतो. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट या वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरमधे डायचं शेड्यूल लावायचं आणि दर बुधवारी कस्टमरला तासांचा रिपोर्ट पाठवायचा, कारण गुरुवारी आमची सुट्टी. रिपोर्टमधे ४० च्या जागी ३९.९९ गेलं की फोन येतोच, आणि तो यायलाच पाहिजे, तासांवर बिल निघतं तिथे आकडा जुळलाच पाहिजे.

पहिलं सांगतो, दिसणारा आकडा बघून लगेच त्यावर नवा टाइप करू नका. प्रोजेक्ट आत मिनिटांचा हिशोब ठेवतं आणि आपल्याला दाखवतं तास, तेही दोन डेसिमलपर्यंत. समजा फिटिंगचं ४० तासांचं काम तीन फिटरना वाटलं, तर प्रत्येकापुढे १३.३३ दिसतं आणि कॅलक्युलेटरवर बेरीज मारली की ३९.९९. पण ४० तास म्हणजे २४०० मिनिटं, भागिले तीन, बरोब्बर ८००, म्हणजे आत काहीच चुकलेलं नाही. गडबड कधी होते, तर कोणीतरी तो १३.३३ एक्सेलमधे नेतो, तिथे टाइमशीटशी जुळवतो आणि तोच परत प्रोजेक्टमधे पेस्ट करतो. आता ते ७९९.८ मिनिटं झालं आणि तिघांचे मिळून खरोखरच ३९.९९ तास. आमच्याकडच्या बहुतेक भानगडी इथूनच निघाल्यात.

तपासायचं असं. फाईलची एक कॉपी सेव्ह करा, मग ऑप्शन्समधे शेड्यूलवर जाऊन वर्कचं (कामाच्या वेळेचं) युनिट तासांऐवजी मिनिटं करा आणि टास्क युसेज व्ह्यू उघडा, त्यात प्रत्येक कामाखाली माणसागणिक वेळ दिसतो. तिथे ८०० दिसलं तर फाईल ठीक आहे, राउंडिंग फक्त दाखवण्यात होतंय, ते रिपोर्टमधे सांभाळा. ७९९.८ दिसलं तर त्या फिटरच्या ओळीतच ८०० टाका. काम झालं की युनिट आठवणीने परत तासांवर आणा, नाहीतर दुसरा कोणी ८ टाइप करेल आणि ८ तासांऐवजी ८ मिनिटं धरली जातील. मिनिटांचा घोळच नको असेल तर सुरुवातीलाच १३, १३ आणि १४ असं वाटून टाका, मला तर हेच आवडतं, फिटरलाही समजतं.

टक्केवारीचंही तसंच आहे, माणसाचा किती वेळ द्यायचा तिथे (युनिट्समधे) ३३ टक्के लिहून तीन दिवसांचं काम दिलं की २४ तासांचे ७.९२ होतात. ८ तास हवे असतील तर टास्क टाइप फिक्स्ड ड्युरेशन (मुदत कायम) ठेवून वर्कमधे ८ लिहा, म्हणजे तीन दिवस तसेच राहतात.

कॅलेंडरकडे मात्र नीट बघा. शिफ्ट ९ ते ५:४५ आणि जेवणाची अर्धा तास सुट्टी, म्हणजे कामाचे ८.२५ तास, पण ऑप्शन्समधे दिवसाचे तास ८ च राहिलेले असतात. मग पाच दिवसांचा टास्क म्हणजे ४० तास, त्यातले चार दिवसांत ३३ संपतात आणि पाचव्या दिवशी फक्त ७ उरतात, म्हणून तो साडेचारलाच संपतो आणि पुढचा टास्क त्याच संध्याकाळी सुरू होतो. मग सव्वा तासाचे तुकडे सगळ्या शेड्यूलभर पसरतात. दिवसाचे तास ८.२५ करा, पण शक्यतो नवीन फाईलमधे, कारण चालू फाईलमधे तेच ४० तास मग ४.८५ दिवस दिसायला लागतात आणि सगळे विचारत बसतात की ड्युरेशन कोणी बदललं.

काम संपलं तरी टास्क ९९ टक्क्यांवर अडकला असेल तर रिमेनिंग वर्कचा (उरलेल्या कामाचा) कॉलम आणा. तिथे शून्य दिसलं तरी विश्वास ठेवू नका, मिनिटांत बघितलं की ०.२ वगैरे सापडतं. ज्याच्या ओळीत असेल तिथे ० टाका, टास्क बंद होतो.

शे-दोनशे ओळी असतील तर मॅक्रो (हेच काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम) लिहा, त्यात वर्क मिनिटांत मिळतं, म्हणून मिनिटंच राउंड करायची, ७९९.८ चे ८०० होतात. आणि तिथलं राउंड फंक्शन २.५ चे २ करतं, एक्सेलमधलं ३ करतं, त्यामुळे दोन्हीकडची बेरीज जुळणार नाही, एकच जागा ठरवा. हे सगळं बेसलाईन (तुलनेसाठी जपून ठेवलेला मूळ प्लॅन) लावायच्या आधी उरका, कारण बेसलाईनमधे जुना ३९.९९ तसाच राहतो आणि व्हेरियन्समधे (मूळ प्लॅनशी असलेल्या फरकात) ०.०१ दिसत राहतं. आधीच लावलेली असेल तर फक्त दुरुस्त केलेले टास्क सिलेक्ट करून तेवढ्यांचीच परत लावा, आणि कस्टमरने ती अप्रूव्ह केलेली असेल तर त्याला आधी फोन करा.