कोकणातल्या घराला स्वस्तात कॅमेरे लावताय? मग या चुका टाळा

गणपती झाले की चाकरमानी परत मुंबईला निघतात, निघायच्या आदल्या दिवशी ऑनलाईन मागवलेला कॅमेरा घाईघाईत पडवीत ठोकतात आणि दिवाळीपर्यंत तो बंद पडलेला असतो. मग शिव्या कंपनीला. बऱ्याचदा कॅमेऱ्याला काहीच झालेलं नसतं, गेलेला असतो अडॅप्टर नाहीतर वायरीचा जॉइंट. आपल्याकडे कॅमेऱ्याचा खरा दुश्मन चोर नाहीच, खारी हवा, पाऊस आणि लाईट. त्यामुळे बजेट कमी असेल तर मेगापिक्सेल कमी घ्या, अंगणाला २ मेगापिक्सेल पुरतात, पण वायर, बॉक्स आणि पॉवर यात पैसे वाचवायला जाऊ नका.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे घर बंद करताना सवयीने मेन स्विच पाडणं. हसू नका, खूप जण करतात! राऊटर आणि कॅमेऱ्यांना वेगळा एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) काढून घ्या, बाकी सगळं बंद करून जा, तेवढीच लाईन चालू ठेवा. आणि ही लाईन नि विहिरीच्या पंपाची लाईन एकाच ईएलसीबीवर (करंट गळला की लाईन तोडणाऱ्या स्विचवर) नको, पावसात पंपाला ओल लागून ट्रिप झालं की कॅमेरेही गेले आणि बंद घरात बटण वर करणार कोण? राऊटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला तर दोन-तीन तासांचं भारनियमन निघून जातं, पण त्यावर राऊटर चालू राहील, कॅमेरा नाही, त्याचा बॅकअप वेगळा बघावा लागतो. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरमधल्या विजा यांच्यासाठी अर्थिंग एकदा तपासून घ्या, गेटपर्यंत लांब तांब्याची वायर ओढली असेल तर सर्ज प्रोटेक्टर (अचानक उसळलेला व्होल्टेज अडवणारं उपकरण) लावाच. वीज थेट पडली तर त्यानेही काही वाचत नाही ते सोडा.

आता खारी हवा. बॉक्सवर आयपी ६६ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ धूळ आणि पाण्याचा फवारा आत जात नाही एवढाच, मिठाची टेस्ट त्यात नसते. हर्णै, मालवण, वेंगुर्ल्याला अगदी किनाऱ्यावर घर असेल तर पत्र्याच्या बॉडीपेक्षा चांगल्या प्लॅस्टिकची बॉडी बरी, आणि कॅमेऱ्यासोबत येणारे स्क्रू सरळ बाजूला ठेवून खाऱ्या हवेत कमी गंजणारे ३१६ ग्रेडचे स्टेनलेस घ्या.

जॉइंटचं तर विचारू नका. कॅमेऱ्याच्या मागून जी शेपटी लोंबते, पॉवरची पिन आणि नेटवर्कचं सॉकेट, त्याला फिटर काळी टेप गुंडाळतो आणि निघून जातो. श्रावणात ती टेप सोडवून बघा, पिन हिरवी झालेली असते. पन्नास-शंभर रुपयांचा पीव्हीसी बॉक्स कॅमेऱ्याच्या मागे लावा, सगळे जॉइंट त्यात घ्या, वायर खालच्या बाजूने आत घाला आणि आत जायच्या आधी तिला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल. भिंतीला आरपार भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. चिऱ्यात साधा गट्टू काही दिवसांनी सैल होतो, म्हणून लांब प्लग घ्या नाहीतर भोकात सिमेंट भरून मग बसवा.

वायफाय घ्यायचा की वायरचा? ओटीवर एकच लावायचा असेल तर दीड-दोन हजारांचा वायफाय ठीक आहे, पण स्वस्त कॅमेरे बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि राऊटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही बँडला एकच नाव दिलेलं असलं की कधीकधी जोडलेच जात नाहीत, अशा वेळी राऊटरमध्ये दोन नावं वेगळी करा. चिऱ्याच्या जाड भिंती रेंज खातात हे वेगळंच. गेटला, गोठ्याला, कलमांच्या बाजूला लावायचे असतील तर वायरच टाका. पीओई असेल तर नेटवर्कच्याच केबलमधून पॉवर जाते, १०० मीटरपर्यंत चालतं, फक्त केबल शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको.

दिवसा झकास चालतो आणि अंधार पडला की बंद-चालू होतो, ही तक्रार असेल तर कॅमेरा बदलू नका. रात्री इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट जास्त लागतो, आणि लांब बारीक वायरीतून किंवा हलक्या अडॅप्टरमधून तेवढा पोचत नाही. चांगला अडॅप्टर लावला की नव्वद टक्के काम होतं. दिवसा चित्र गुलाबी दिसत असेल तर आतला इन्फ्रारेडचा फिल्टर अडकलेला असतो, आधी रिस्टार्ट करून बघा. आणि रात्री सगळं पांढरं धुकं दिसत असेल तर कोळ्याने जाळं विणलंय, किंवा कॅमेरा पांढऱ्या खांबाला चिकटून लावलाय आणि उजेड उलटा लेन्सवर येतोय. काठीला कुंचा बांधून ठेवा, शेजारच्या काका-काकूंना महिन्यातून एकदा फिरवायला सांगा.

पागोळ्यांच्या रेषेत कॅमेरा नको, पाख्याच्या आत घ्या, आणि १५ फुटांवर तर मुळीच नको कारण तिथून फक्त टोपी नि छत्री दिसते. ८ ते १० फूट बास. समुद्राकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यात संध्याकाळी नुसता सूर्य दिसतो. समोर माड असेल तर झावळी हलली की मोबाईल वाजणार, म्हणून माणूस ओळखणारं सेटिंग चालू करा आणि गेटपुरताच भाग निवडा. भाऊबंदांच्या खळ्याकडे तोंड करू नका, आधीच जमिनीच्या केसी कमी आहेत का?

कॅमेऱ्यातल्या मेमरी कार्डाचा हिशोब कोणी करत नाही. १ एमबीपीएसने (सेकंदाला १ मेगाबिट) सतत रेकॉर्डिंग केलं तर दिवसाला साधारण ११ जीबी लागतात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड सहा दिवसांत भरून जुन्यावर नवं चढतं. तुम्ही येणार शिमग्याला! हालचाल झाली तरच रेकॉर्ड हे सेटिंग ठेवा आणि कार्ड हाय एन्ड्युरन्स, म्हणजे सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं घ्या, साधं कार्ड सतत लिहून लवकर मरतं. तारीख-वेळ बरोबर आहे ना तेही बघा, लाईट गेल्यावर काही स्वस्त कॅमेरे भलतंच साल दाखवायला लागतात आणि ते फुटेज पोलिसांसमोर ठेवलं की नुसते प्रश्नच वाढतात.

घेतल्यावर कॅमेऱ्यासोबत आलेला डीफॉल्ट पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. एप्रिल २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्हीला सरकारी सुरक्षा चाचणी लागते, तेव्हा बिनबिलाचा, बिननावाचा माल स्वस्त मिळतोय म्हणून उचलू नका.

आणि मुंबईत बसून ॲपवर ऑफलाईन दिसलं तर लगेच फिटरला फोन नको. आधी काकूंना विचारा गावात लाईट आहे का, मग नेटचा रिचार्ज संपलाय का बघा, मग त्यांना राऊटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करायला सांगा. त्यासाठी घराची एक चावी त्यांच्याकडे हवी, ती मात्र आठवणीने देऊन या.